तेल लावण्याआधीची दहा मिनिटं

आबोली (म्हापसा)

नमस्कार मंडळी. मी मसाज थेरपिस्ट. कळंगुट-कांदोळी पट्ट्यातल्या स्पांमध्ये बरीच वर्षं काढली, आता म्हापशात स्वतःची एक खोली आहे आणि काही जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाते. आपल्या कामात तेल कोणतं वापरावं, दाब किती द्यावा यावर भरपूर बोललं जातं. माणूस टेबलावर आडवा होण्याआधी त्याला काय विचारायचं, यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही. माझं ठाम मत आहे की थेरपिस्ट चांगली की वाईट हे त्या पहिल्या दहा मिनिटांत ठरतं. हात नंतर बोलतात.

एक उदाहरण देते. इंग्लंडहून आलेल्या साठीच्या बाई. मोपाच्या विमानतळावर उतरल्या, हॉटेलात बॅगा टाकल्या आणि तासाभरात स्पात. ‘पाय जड झालेत, पोटऱ्या जोरात दाबून दे’ ही मागणी. आमच्याकडे आधी कोमट पाण्यात पाय धुवायची पद्धत होती. परातीत पाय घेतले तेव्हा दिसलं की मोज्याच्या रबराचा वळ एकाच पायावर खोल रुतलाय. डावी पोटरी उजवीपेक्षा डोळ्यांना कळेल इतकी जाड, आणि हात ठेवल्यावर गरम. विचारलं तेव्हा म्हणाल्या, विमानात बसल्यापासूनच दुखतेय. मी पाय पुसले, मसाज करणार नाही असं सांगितलं आणि आजच्या आज डॉक्टरला दाखवा म्हणून रिसेप्शनकडून गाडी मागवली. पुढे तपासणीत काय निघालं ते मला कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. शंका आली, एवढं कारण हात आवरायला पुरेसं आहे.

नवीन मुली मला विचारतात, गिऱ्हाईक चिडलं तर? चिडू दे. तुम्ही सगळे काय विचारता, कसं विचारता ते लिहा. ज्यांनी फक्त मसाज घेतलाय त्यांनीही लिहा.

साळ_नदी (मडगाव)

मी फिजिओथेरपिस्ट. ताईंनी जे पाहिलं त्यात शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय घ्यायलाच हवा. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून प्रवास झाला की हा धोका वाढतो, आणि इंग्लंड-गोवा विमान नऊ-दहा तासांचं. गुठळी पोटरीत असते तोवर ती पोटरीचा आजार. जोरात चोळल्यावर ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. एकाच पायाला सूज, दुखणं, गरमपणा, कधी लाली. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर ते बहुधा बसून राहिल्यामुळे असतं, पण तिथेही दम लागतोय का, छातीत दुखतंय का हे विचारा. लागत असेल तर १०८ ला फोन, बाकी काही नाही.

थेरपिस्टने निदान करायचं नाही. ‘तुम्हाला गुठळी झालीय’ असं म्हणायचं नाही. ‘मला हे ठीक वाटत नाही, डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय मी हात लावणार नाही’ इतकंच. हाच नियम कंबरदुखीलाही. कंबर दुखतेय आणि सोबत लघवीवरचा ताबा गेलाय, किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आलाय, तर तो माणूस स्पात नव्हे, बांबोळीच्या इस्पितळात हवा, आणि तोही त्याच दिवशी.

आणि कृपा करून मान मोडू नका. डोक्याचा मसाज संपताना हनुवटी धरून झटका द्यायची सवय सलूनपासून स्पापर्यंत सगळीकडे आहे. मानेतून मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला अशा झटक्याने चीर जाऊ शकते, आणि त्यातून पक्षाघात झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. कट्ट असा आवाज आला म्हणजे काही जागेवर बसलं असं होत नाही.

किनारपट्टी (कांदोळी)

मी एका रिसॉर्टमधला स्पा सांभाळतो. आबोलीताईंचं सगळं पटतं, पण दुसरी बाजूही मांडतो. डिसेंबरात एकामागे एक बुकिंग असतं. साठ मिनिटांच्या मसाजनंतर पंधरा मिनिटांत चादर बदलायची, टेबल पुसायचं, पुढचा माणूस आत. दहा मिनिटं प्रश्नांत घालवली तर गिऱ्हाईक म्हणतं, मी साठ मिनिटांचे पैसे दिलेत. फॉर्म आमच्याकडे आहे. रिसेप्शनवर देतो, लोक न वाचता सही करतात.

आबोली (म्हापसा)

@किनारपट्टी दादा, अडचण खरी आहे, मी त्यातच वाढलेय. पण न वाचता केलेली सही भांडण झालं तर मालकाच्या उपयोगाची. टेबलावरच्या माणसाला तिचा काय उपयोग? फॉर्म असू दे, पण थेरपिस्टने तो हातात घेऊन समोर बसून तोंडी विचारायला हवा. वेळेचं म्हणाल तर मी माझ्या खोलीत दर लावताना ‘वेळ ७५ मिनिटं, त्यात मसाज ६० मिनिटांचा’ असंच लिहिते. आजवर एकानेही भाव केला नाही.

किनारपट्टी (कांदोळी)

हे करता येईल. ऑक्टोबरात नवीन मेनू छापायचाय, त्यात घालतो.

कुळागर (फोंडा)

वैद्य म्हणून थोडं. दिवाळीत अभ्यंग आपण सगळेच करतो, त्यामुळे तेल लावणं म्हणजे निर्धोकच असा समज घरोघरी आहे. वाग्भटांनी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘अभ्यङ्गमाचरेन्नित्यं’, म्हणजे रोज अभ्यंग करावा, असं म्हटलं आणि लगेच पुढच्या श्लोकात कुणी करू नये तेही सांगितलं: कफाने ग्रासलेला, नुकतीच शोधनक्रिया (उलटी-जुलाब देऊन शरीर साफ करणं) झालेला आणि अजीर्ण झालेला. म्हणजे ज्या ग्रंथाचा दाखला देऊन आपण तेल विकतो, त्यातच नकाराची यादी आहे. पहिली ओळ भिंतीवर रंगवायची आणि दुसरी सोडून द्यायची हे मला पटत नाही. पर्यटक शॅकवर भरपेट जेवून, बियर घेऊन थेट टेबलावर येतात. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. दारू घेतली असेल तर दुसऱ्या दिवशी बोलवा. त्याला दाब कळत नाही, चटका कळत नाही, आणि उठताना तोल जातो.

चटक्यावरून आठवलं. पोटली (औषधांची गरम पुरचुंडी) किंवा गरम दगड वापरताना मधुमेहाबद्दल विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या मधुमेहात पावलांची संवेदना गेलेली असते, माणूस ‘छान वाटतंय’ म्हणत राहतो आणि पायाला फोड येतो. ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पोटली आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, दर वेळी, फक्त पहिल्यांदा नव्हे. ज्याची संवेदना कमी आहे त्याला गरम काही लावूच नका, कोमट तेल पुरे.

अजून एक. थेरपिस्ट मुलं-मुली चार महिन्यांत ‘वात वाढलाय’ असं गिऱ्हाइकाला सांगू लागतात. ते आमचं काम. शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे, धारगळला २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं केंद्र आहे, तिकडे पाठवा. पंचकर्म हे वैद्याच्या देखरेखीखाली व्हायचं काम आहे, मेनूकार्डावरचा एक पदार्थ नव्हे.

मांडवीपार (बेती)

मी फक्त मसाज घेणारा. पाठीसाठी जातो. एक सांगू का, पहिल्यांदा गेलो तेव्हा कपडे किती काढायचे हे कुणी सांगितलंच नाही. हातात एक टॉवेल आणि कागदी चड्डी देऊन मुलगी बाहेर गेली. मी पाच मिनिटं तसाच उभा. आपल्याकडच्या मध्यमवयीन माणसाला हे विचारायलाही लाज वाटते. ते आधीच सांगून टाकलं तर फार बरं होईल.

आबोली (म्हापसा)

@मांडवीपार, हे लिहिलंत म्हणून आभार, कारण नव्वद टक्के लोक हे मनात ठेवून परत जातात आणि पुन्हा येत नाहीत. सांगायचं ते असं: ‘तुम्हाला जेवढं सोयीचं वाटतं तेवढंच काढा, आतले कपडे ठेवले तरी चालतं. पोटावर झोपा, ही चादर अंगावर ओढून घ्या. मी दार वाजवून, तुम्ही हो म्हटल्यावरच आत येईन.’ त्यानंतर ज्या भागावर काम चाललंय तेवढाच उघडा, बाकी सगळं चादरीखाली. पाय करताना चादरीची कड मांडीखाली खोचायची म्हणजे ती सरकत नाही. पोट, छातीचा वरचा भाग, नितंबांचे स्नायू इथे जायचं तर आधी विचारायचं, आणि ‘नको’ म्हटलं तर कारण विचारायचं नाही. कंबरेच्या दुखण्यात नितंबांवर काम केल्याने खरंच फरक पडतो, पण ते चादरीवरूनही करता येतं.

दाबाचंही तेच. ‘ठीक आहे ना?’ विचारलं की आपली माणसं भिडेपोटी ‘हो’च म्हणतात. ‘अजून हलकं करू की अजून जोर देऊ?’ असं विचारा, म्हणजे दोन्हींपैकी एक उत्तर द्यावंच लागतं. बोटं आवळली, श्वास रोखला, तर उत्तर तिथेच मिळालं.

पेडण्याची_पोर (पेडणे)

ताई, मी नवीन आहे, स्पा थेरपिस्टचा कोर्स करून हरमलला कामाला लागले. मला जे विचारायचंय ते उघड विचारते. आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी ‘एक्स्ट्रा’ विचारतो. काही हसत, काही पैसे दाखवून. कोर्समध्ये याबद्दल एक शब्द नव्हता. घरी सांगता येत नाही, सांगितलं तर काम सुटेल. अशा वेळी नक्की काय करायचं?

आबोली (म्हापसा)

बाय, तू विचारलंस हे फार चांगलं केलंस. नीट वाच.

पहिल्या वेळी इशारा असेल तर हात काढून घ्यायचा, स्पष्ट आवाजात सांगायचं: ‘इथे फक्त मसाज होतो. पुन्हा विचारलंत तर मी थांबेन.’ हसायचं नाही, सॉरी म्हणायचं नाही. दुसऱ्यांदा विचारलं, किंवा पहिल्याच वेळी हात लावला किंवा अंगावरचं फेकलं, तर एकही शब्द न बोलता खोलीबाहेर. तेल, टॉवेल तिथेच राहू दे. बाहेरच्या माणसाने आत जाऊन सत्र संपल्याचं सांगायचं आणि पूर्ण पैसे घ्यायचे. हा नियम मालकाने आधीच लिहून भिंतीवर लावलेला हवा. जो मालक ‘जरा सांभाळून घे’ म्हणतो, त्याच्याकडे राहू नकोस. कांदोळीपासून मांद्र्यापर्यंत चांगली कामं आहेत, मी शोधून देईन.

आत मसाज चालू असताना दाराला आतून कडी नको. टेबल असं ठेवायचं की दार आणि तू यांच्यामध्ये गिऱ्हाईक येणार नाही. रिसेप्शनला ऐकू जाईल अशी घंटा किंवा फोन हाताशी हवा. घरी जाऊन मसाज करताना मी नवीन पुरुष गिऱ्हाईक घेतच नाही, आणि जुन्याकडे जातानाही पत्ता नवऱ्याला पाठवते.

आता कायदा. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त साहेबाने केलेल्या त्रासाबद्दल नाही. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या लोकांपासून, म्हणजे गिऱ्हाइकापासूनही, तुला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी त्यात लिहिलेली आहे. दहा किंवा जास्त कामगार असतील तर अंतर्गत समिती हवीच. त्याहून कमी असतील तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, समितीला पटलं तर मुदत वाढवून मिळते. तातडीचं असेल तर ११२.

किनारपट्टी (कांदोळी)

@पेडण्याची_पोर, मालकाच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे बुकिंगच्या वेळीच सांगतो आणि पाटी लावलीय. सत्र बंद केलं म्हणून एकाही मुलीचा दिवस कापलेला नाही. अशा माणसाने रागाने खराब रिव्ह्यू टाकला तरी चालेल. किनाऱ्यावर मसाजच्या नावाखाली भलते धंदे चालतात, छापे पडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात ‘स्पा’ हाच शब्द येतो आणि बदनामी सगळ्यांची होते. प्रामाणिक जागांनी आपले नियम मोठ्या अक्षरांत लावणं हाच त्यावर उपाय.

साळ_नदी (मडगाव)

पुरुष थेरपिस्टांनाही हा त्रास होतो, फक्त ते बोलत नाहीत. २०१३ चा कायदा त्यांना लागू नाही, म्हणून मालकाचा लेखी नियम त्यांच्यासाठी जास्तच महत्त्वाचा.

सत्तरीकर (वाळपई)

आमची आई गावात बाळंतिणींना आणि बाळांना चोळायला जाते. तिला स्पा वगैरे माहीत नाही, पण हा धागा तिला वाचून दाखवला. ती म्हणते, आम्हीही आधी विचारतो, टाके आहेत की नाहीत. सिझर झालेल्या बाईच्या पोटाला ती हात लावत नाही, फक्त हात, पाय, पाठ. काही घरांत सासूबाई आग्रह करतात की पोट चोळून घट्ट बांध, तेव्हा ती सरळ नाही म्हणते. बाळाचं नाक-कान तेल घालून साफ करायलाही तिने आता नकार द्यायला सुरुवात केलीय.

साळ_नदी (मडगाव)

आईंना नमस्कार सांगा. बाळाच्या नाकात तेल घालणं खरंच धोक्याचं, ते श्वासातून फुप्फुसात जातं. आणि एक त्यांना आवर्जून सांगा: बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे पायात गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो, सिझरनंतर आणखी. तेव्हा चोळण्याआधी दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून बघायच्या. त्यांची नजर तयार आहे, एकदा सांगितलं की पुरे.

सत्तरीकर (वाळपई)

सांगितलं. म्हणाली, उद्यापासून बघते.

वाळूतले_पाय (आगोंद)

स्वच्छतेवर कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. आमच्या दमट हवेत नायटा फार पसरतो, आणि हल्ली स्टिरॉइडवाली मलमं चोळून लोकांनी तो हट्टी करून ठेवलाय. जांघेत, कंबरेला गोल कडेचा चट्टा दिसला तर त्या भागाला हात नाही, आणि ती चादर वेगळी, गरम पाण्यात. पण सांगायचं हळू, त्या माणसाला चारचौघांत लाजवायचं नाही. तेल वाडग्यात ओतून पुन्हा पुन्हा बोटं बुडवू नका, पंपाची बाटली वापरा. उरलेलं तेल परत बाटलीत तर कधीच नाही.

आणि टॉवेल! तेलकट टॉवेल ड्रायरमधून काढून गरम गरम ढीग रचून ठेवले तर आतल्या आत तापून पेटू शकतात. टॉवेलात उरलेल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन उष्णता तयार होते आणि ढिगाच्या पोटात ती साठत जाते. जिथे लाँड्री आहे तिथल्या मुलांना हे माहीत हवं. तेल निघेल अशा साबणाने गरम पाण्यात धुवा, ड्रायरमध्ये शेवटी गार हवा फिरू द्या, पसरून थंड करा, मगच घड्या. वास मारणारा टॉवेल म्हणजे तेल गेलेलं नाही.

गोव्यात येणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी विचारते. नवीन टॅटू आहे का? असेल तर जखम पूर्ण भरेपर्यंत त्यावर तेल नाही, चोळणं नाही. आणि आज स्कूबा केलंय का? ग्रँड आयलंडहून डुबकी मारून आलेल्याचे सांधे दुखत असतील तर त्याचं कारण डुबकीत असू शकतं. जोरकस मसाजने अंग दुखायला लागलं की खरं लक्षण कुठलं तेच कळत नाही. त्या दिवशी नकोच. उन्हाने भाजलेल्या पाठीचं तर सांगायलाच नको.

पेडण्याची_पोर (पेडणे)

ताई, सगळ्यांचे आभार. नियम मालकिणीला दाखवला, लावते म्हणाली. अजून एक, माझे अंगठे आत्ताच दुखायला लागलेत. दिवसाला सहा-सात मसाज होतात.

साळ_नदी (मडगाव)

अंगठ्याने दाबणं बंद करा. मऊ भागावर कोपराखालचा हात वापरा, अंगठा लागलाच तर दुसऱ्या हाताचा आधार द्या, सांधा सरळ. टेबलाची उंची: बाजूला उभं राहून हात खाली सोडल्यावर बोटांच्या मुठीची हाडं टेबलाला टेकतील इतपत. टेबल उंच असलं की खांद्याने दाबावं लागतं. पाय मागेपुढे ठेवून शरीराचं वजन पुढे झोकायचं, ताकद हातातून काढायची नाही. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखत असेल, रात्री बोटं बधिर होत असतील, तर वेळीच दाखवा. दुखणं मुरलं की काम सोडावं लागतं.

आबोली (म्हापसा)

सहा-सात रोज म्हणजे खूप झाले. कमिशनवर काम असलं की नाही म्हणवत नाही, हे मला माहीत आहे. पण निदान सलग तीन जोरकस मसाज तरी घेऊ नकोस, मध्ये एक पायाचा किंवा डोक्याचा मागून घे. @किनारपट्टी दादा, हे मॅनेजरांनी वेळापत्रकातच बसवायला हवं.

बरेच जण विचारत आहेत म्हणून माझ्या कार्डावरचे प्रश्न इथे टाकते. मी ते मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी आणि रशियनमध्ये छापून घेतलेत, सोबत माणसाची पुढून-मागून आकृती, दुखतं तिथे पेनाने गोल करायला.

‘आज किंवा काल लांबचा प्रवास केलात का? एका पायाला सूज किंवा दुखणं आहे का? कोणती औषधं चालू आहेत? रक्त पातळ करायची गोळी घेता का? रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, कर्करोग, त्याची शस्त्रक्रिया किंवा उपचार? गेल्या काही महिन्यांत ऑपरेशन, हाड मोडणं, गाडीवरून पडणं? गरोदर आहात का? बदाम, तीळ, खोबरेल, कोणत्या सुगंधाची ॲलर्जी? आज ताप, उलटी, दारू, जड जेवण? नवीन टॅटू, उन्हाने भाजलेली त्वचा, स्कूबा? कुठे हात लावलेला नको आहे? आजच्या मसाजमधून काय हवंय?’

शेवटचे दोन प्रश्न मी कधीच गाळत नाही.

साळ_नदी (मडगाव)

कार्ड उत्तम. एकच सुधारणा: ‘रक्त पातळ करायची गोळी’ विचारल्यावर पुष्कळ लोक नाही म्हणतात, कारण आपण ती घेतोय हेच त्यांना ठाऊक नसतं. ‘हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर दिलेली कुठली गोळी आहे का’ असं विचारा, आणि मोबाईलमध्ये प्रिस्क्रिप्शनचा फोटो असेल तर बघायला मागा. गोळी निघालीच तर दाब हलका ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी अंगभर काळेनिळे डाग दिसतील.

आबोली (म्हापसा)

बदललं. नवीन छापाई पुढच्या आठवड्यात. कुणाला कार्डं हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.